घावनाची जाळी आणि पिवळी काच

मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक फॉरवर्ड आला. 'युरियापासून बनवलेला रंग भिंतीला फासा, वीज फुकट मिळवा.' खाली चौदा अंगठे आणि सेक्रेटरींचा प्रश्न, "गच्चीवरच्या पॅनेलचं कोटेशन थांबवायचं का?" थांबवू नका, असं मी लगेच लिहिलं. पण फॉरवर्ड निव्वळ थाप नव्हता, हीच पंचाईत. युरियापासून एक पिवळी पूड खरंच होते, ती उन्हात कामही करते, आणि माझी ती लाडकी आहे. तिचं नाव कार्बन नायट्राइड.

युरिया किंवा मेलामाइन (हो, घरातल्या न फुटणाऱ्या ताटल्या ज्यापासून होतात तेच) झाकणाच्या मुशीत घालून सुमारे ५५० अंश सेल्सिअसला भाजलं की झालं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस लिबिगने १८३४ मध्येच या घराण्यातल्या पदार्थांना मेलॅम, मेलॉन अशी नावं दिली होती. पुढे पावणेदोनशे वर्षं ही पूड जवळपास अडगळीतच. मध्ये १९८९ मध्ये लिऊ आणि कोहेन या भौतिकशास्त्रज्ञांनी गणिताने दाखवलं, की कार्बन नायट्राइडचं एक वेगळं रूप हिऱ्याइतकं कठीण असू शकेल. त्यापायी बरीच धावपळ झाली, पण ती गोष्ट निराळी. २००९ मध्ये शिनचेन वांग, मार्कुस अँटोनिएटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पिवळी पूड वापरून दृश्य प्रकाशात पाण्यातून हायड्रोजन काढून दाखवला आणि तिचं नशीब फळफळलं.

(युरियाचं नाव निघालंय, म्हणजे 'गोमूत्रातून वीज' हा पुढचा मेसेज वाटेत असणार. युरिया गोठ्यातून आला की कारखान्यातून, हे भट्टीला कळत नाही. व्होलर या रसायनशास्त्रज्ञाने १८२८ मध्येच तो प्रयोगशाळेत बनवला, तोही कुठल्याही प्राण्याशिवाय.)

पूड पिवळी का? तिच्यातला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर ढकलायला सुमारे २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (इतक्या छोट्या ऊर्जा मोजायचं माप) ऊर्जा लागते. एवढी ऊर्जा साधारण ४६० नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरींकडे, म्हणजे जांभळ्या-निळ्या प्रकाशाकडेच असते. तो पूड गिळते, उरलेला परत देते, म्हणून आपल्याला पिवळी दिसते. गच्चीवरच्या पॅनेलमधल्या सिलिकॉनचं १.१ मध्ये भागतं. लाल प्रकाशही त्याला चालतो, म्हणून वीज बनवण्यात ते कितीतरी पुढे. पण पाणी फोडायला, म्हणजे त्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करायला, किमान १.२३ व्होल्ट लागतात. तिथे एकटा सिलिकॉनचा सेल कमी पडतो आणि आमची पिवळी बाई ताठ मानेने उभी राहते.

मग अडतं कुठे? पुडीत. प्रकाशाने मोकळा झालेला इलेक्ट्रॉन आणि त्याच्यामागे उरलेली रिकामी जागा बहुतेक वेळा कणाच्या आतच पुन्हा गाठ घेतात आणि फिकट निळसर चमक सोडून संपतात. इलेक्ट्रॉन तारेतून बाहेर काढायचा, तर पदार्थ वीजवाहक काचेवर सलग, पातळ थर म्हणून बसायला हवा. आता हा पदार्थ विरघळतही नाही आणि वितळतही नाही. फार तापवला तर विघटित होतो. ब्रशने फासणार कसा?

इथे मला आवडणारी युक्ती येते. मेलामाइन तापलं की बरंचसं वाफ होऊन उडतं, म्हणून तर मुशीला झाकण. त्या वाफेच्या वाटेत काच ठेवायची. मोदकपात्राच्या झाकणाला आतून पाणी धरतं तसंच, पण पाण्याचे थेंब नुसते गोळा होतात आणि इथे रेणू एकमेकांशी विणले जातात. दोन मेलामाइन जोडले जाताना अमोनियाचा एक रेणू निसटला की मेलॅम, दोन निसटले की मेलेम. मेलेम म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या तीन षटकोनी कड्या, त्यांत सहा कार्बन आणि सात नायट्रोजन. तापमान ५०० च्या पुढे गेलं की मेलेम एकमेकांचे हात धरतात आणि प्रत्येक टाक्याला एक अमोनिया सुटतो. अशा साखळ्यांचे पापुद्रे एकावर एक बसतात, दोन पापुद्र्यांमध्ये जेमतेम ०.३३ नॅनोमीटर. विणकाम अर्धवट राहिलं तर कडांना हायड्रोजनवाले नायट्रोजन लोंबकळतात आणि इलेक्ट्रॉन तिथे अडकतो. पुरं करायला आच वाढवावी, तर काचच मऊ पडायला लागते. आणि बाहेर पडणारा अमोनिया थराला भोकं पाडू शकतो ते वेगळंच.

घावनाला जाळी पडली की करणारीचं कौतुक होतं. या थराला जाळी पडली की सगळं मुसळ केरात: भोकातून पाणी थेट काचेला भिडतं आणि मोठ्या मिनतवारीने काचेपर्यंत आणलेला इलेक्ट्रॉन तिथूनच गळतो. थर जाड करून भोकं बुजवावीत, तर इलेक्ट्रॉनचा प्रवास लांबतो आणि तो वाटेतच संपतो. फार पातळ केला तर प्रकाश आरपार. शिवाय पाण्यात बुडवल्यावर थर काचेवरून सुटायला नको, हीही अट आहेच.

पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकांच्या सौर सेलमध्ये इलेक्ट्रॉन पुढे पोचवायला किंवा स्फटिकांमधले दोष झाकायला हाच पदार्थ चिमूटभर वापरून पाहतात. तिथे तो मदतनीस असतो, वीज दुसराच बनवतो.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. तीन अंगठे आले, आणि सेक्रेटरींचा नवा प्रश्न, "म्हणजे पिवळा डिस्टेंपर नाही ना?" नाही. कोटेशन मागवा, सिलिकॉनचंच.