ढोबळी मिरची, रॉकेल आणि पांढरी द्राक्षं

दिंडोरीजवळ माझ्या मावसभावाची द्राक्षबाग आहे. चार एकर थॉम्पसन, आणि ओढ्याकडच्या बाजूला वाईनसाठी लावलेलं थोडं सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ. हा माल तो वायनरीला घालतो, त्यातल्या चार बाटल्या घरी येतात. जानेवारीत गेलो तेव्हा आदल्या हंगामाच्या सोव्हिन्योंची बाटली त्याने उघडली आणि स्टीलच्या पेल्यात ओतली. काचेचे ग्लास पाहुण्यांसाठी, आणि मी काही पाहुणा नाही.

"दादा, पिण्याआधी वास घे."

घेतला. डोळे मिटून बसलो असतो तर शेजारी कुणीतरी ढोबळी मिरची चिरतंय असंच वाटलं असतं. तसं म्हणालो, तर तो हसला. "पावसाचा अंदाज होता म्हणून माल आठ दिवस आधी तोडला. तो हिरवटपणा राहिला बघ."

बाटलीच्या पाठीवरची वर्णनं वाचून मला पूर्वी हसू यायचं. पेरू, लिची, गुलाब, ओलं गवत. द्राक्षात पेरू कुठून येणार? ही सगळी मोठ्या हॉटेलातली थाटमाट भाषा, असा माझा समज होता. तो समज या मिरचीने मोडला, कारण इथे उपमा नाहीच. ढोबळी मिरचीला ज्या रेणूमुळे तिचा वास येतो, तोच रेणू सोव्हिन्योंच्या मण्यात असतो. मेथॉक्सिपायराझिन नावाच्या कुळातला हा रेणू, आणि आपलं नाक त्याच्या बाबतीत भलतंच तिखट. लिटरभर पाण्यात 2 नॅनोग्रॅम असला तरी कळतो. म्हणजे ऑलिम्पिकच्या आकाराच्या तरणतलावात 5 मिलिग्रॅम. तांदळाच्या एका दाण्याचा पाव हिस्सा टाकला म्हणा ना.

वेलीला याचा उपयोग बहुधा राखणीपुरता. बी तयार होईपर्यंत पाखरांनी मण्याला चोच लावू नये म्हणून हा हिरवा, कच्चा वास. मण्यात पाणी उतरलं, ऊन लागलं, पिकायला लागलं की तो कमी होत जातो. थंड मुलखात तो जास्त उरतो. न्यूझीलंडच्या मार्लबरो भागात 1970च्या दशकात सोव्हिन्यों लावलं गेलं आणि पुढे त्या गवतट, मिरचीच्या वासावरच त्या भागाने जगभर नाव कमावलं. नाशिकच्या उन्हात मात्र माल पुरता पिकू दिला तर मिरची फारशी शिल्लक राहत नाही.

हा वास घराण्यात उतरतो, हेही मजेशीर. लाल वाईनमधला सर्वांत प्रसिद्ध वाण काबर्ने सोव्हिन्यों. तो कुठून आला याच्या दंतकथा पुष्कळ होत्या. 1997 साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात जॉन बॉवर्स आणि कॅरोल मेरेडिथ यांनी डीएनए तपासला आणि आईबाप सापडले: काबर्ने फ्रां हे काळं द्राक्ष आणि आपलं हे हिरवं सोव्हिन्यों ब्लाँ. कच्च्या काबर्नेलाही ढोबळी मिरचीचा वास येतो, तो का, हे आता सांगायला नको.

पेरूची गोष्ट वेगळी. सोव्हिन्योंच्या वाईनमध्ये गंधक असलेले काही रेणू असतात. त्यातले काही पिकल्या पेरूतही सापडतात. एक जण असा आहे की तो थोडा असला तर छान, जास्त झाला तर मांजर कोपऱ्यात जाऊन आल्याचा वास. पण बागेत द्राक्षं नुसती हुंगली तर यातलं काहीच येत नाही. मण्यात हे रेणू एका अमिनो आम्लाला बांधलेले असतात आणि बांधलेल्या अवस्थेत त्यांना वास नसतो. रस आंबायला लागला की यीस्ट ती गाठ सोडतं. फ्रान्समधल्या बोर्दो इथे दनी द्युबुर्दियू आणि ताकातोशी तोमिनागा या संशोधकांनी 1990च्या दशकात याचा छडा लावला. लसणाचंही असंच असतं. अख्ख्या पाकळीला वास नाही, ठेचली की घरभर. तिथेही गंधक अमिनो आम्लाला बांधलेलं असतं, फक्त सोडवणारं एन्झाइम पाकळीतच असतं, यीस्ट लागत नाही.

मस्कतला यीस्टची वाट पाहावी लागत नाही. द्राक्ष खाल्लं तरी तोच वास आणि वाईन केली तरी तोच, असे वाण फार थोडे, आणि मस्कत त्यांचा म्होरक्या. त्याच्या सालीत टर्पीन कुळातले रेणू मुबलक असतात. त्यातलं लिनालूल आपल्याला रोज भेटतं, कारण धन्याच्या वासाचा मोठा भाग तेच आहे. जिरॅनिऑल गुलाबात असतं, आणि रोशा गवताच्या तेलात तर भरपूर. आणि लिची? फ्रान्सच्या अल्सास भागातल्या गेव्युर्झट्रामिनर या जिभेची गाठ मारणाऱ्या नावाच्या द्राक्षात एक रेणू आहे, रोज ऑक्साइड. लिचीचा वासही त्याच्यावरच उभा आहे. ही वाईन पहिल्यांदा हुंगणारा माणूस हमखास विचारतो, यात सरबत मिसळलंय का. मला ती दुसऱ्या पेल्यानंतर जड होते. वास दांडगा आणि आंबटपणा कमी, म्हणजे चिंच विसरलेली आमटी.

या गेव्युर्झट्रामिनरची साल मुळात गुलाबीसर असते. त्यावरून रंगाचं सांगायला हवं. द्राक्ष मूळचं काळं. पांढरं, म्हणजे आपण ज्याला हिरवं म्हणतो ते, बिघाडातून झालं. सालीत रंग तयार करण्याचं बटण दाबणारी दोन जनुकं शेजारीशेजारी असतात. 2004 साली जपानी संशोधकांनी दाखवलं की पांढऱ्या वाणांत त्यातल्या एकावर एक उडता जनुक, म्हणजे डीएनएचा इकडून तिकडे जाऊन बसणारा तुकडा, ठाण मांडून बसलाय. 2007 साली ऑस्ट्रेलियातल्या गटाने दुसऱ्या जनुकातली मोडतोड शोधली. तपासलेल्या बहुतेक सगळ्या पांढऱ्या वाणांत मोडतोड तीच, म्हणजे हा अपघात फार जुना आणि त्याचा वंश मोठा.

असे अपघात आजही होतात आणि बागाईतदाराला ते नवे नाहीत. एखाद्या काडीवर घड निराळा दिसतो, मणी लांब असतो, कुणीतरी ती काडी जपतं, कलमं करतं. तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन ही थॉम्पसनची भावंडं अशीच जन्मली. पिनो न्वार हे काळं द्राक्ष, पिनो ग्री करडं-गुलाबी, पिनो ब्लाँ पांढरं. नावं तीन, वेल एकच. फरक रंगाच्या बटणाचा.

जर्मनीचं रीसलिंग मात्र मला सगळ्यात आवडतं, आणि कारण ऐकून मावसभावाने कपाळावर हात मारला. जुन्या रीसलिंगला रॉकेलचा वास येतो. रेशनच्या रांगेत पाच लिटरचा डबा घेऊन उभं राहिलेल्या पिढीला तो वेगळा शिकवावा लागत नाही. गाजराला रंग देणारी कॅरोटिनॉइड द्राक्षाच्या सालीतही असतात. मण्यावर ऊन जितकं जास्त, तितके त्यांच्या तुकड्यांपासून बनणारे पदार्थ जास्त. बाटलीत काही वर्षं पडून राहिल्यावर त्यातून टीडीएन नावाचा रेणू सुटतो, तोच हा रॉकेलवाला. काही जाणकार याला दोष मानतात. मानोत. मोझेल नदीच्या काठी पाटीच्या दगडाच्या इतक्या उभ्या चढांवर हा वेल लावतात की काही ठिकाणी माणसाला दोर धरून काम करावं लागतं. तिथल्या थंडीत आम्ल टिकतं, आणि त्या आम्लाच्या जोरावर ही वाईन दहा-वीस वर्षं आरामात उभी राहते. रीसलिंगच्या वेली विकत घेतल्याची जुनी नोंद 1435 सालची आहे.

शार्दोने याच्या अगदी उलट. जगभर लावलेलं, दुकानात सगळ्यात आधी हाताला लागणारं, आणि स्वतःचा ठसठशीत वास जवळजवळ नसलेलं. 1999 साली पुन्हा डेव्हिसच्याच मंडळींनी फ्रेंच सहकाऱ्यांबरोबर याचे आईबाप शोधले. एक खानदानी पिनो, दुसरं ग्वे ब्लाँ, गरिबांच्या मळ्यातलं, कुणी विचारत नसलेलं द्राक्ष. त्या जोडीची आणखी बरीच पोरंही त्याच तपासणीत सापडली. शार्दोनेला वास मिळतो तो नंतरच्या उठाठेवीतून. त्याच्या वाईनमध्ये लॅक्टिक जीवाणूंना काम करू दिलं तर ते मॅलिक आम्ल, म्हणजे कच्च्या सफरचंदाचं आम्ल, बदलून लॅक्टिक आम्ल करतात. हे दह्यातलं आम्ल, बरंच सौम्य. जाताजाता डायॅसिटाइल बनतं, आणि विरजणाच्या लोण्याला जो वास असतो त्यात हेच असतं. वर ओकच्या पिंपातून व्हॅनिला. फ्रान्समधल्या शाब्लीसारख्या थंड भागात पिंपाचा सोस कमी, तिथे तेच द्राक्ष सडसडीत आणि आंबट लागतं. दोन्ही वाईन समोर ठेवल्या तर द्राक्ष एक आहे यावर पैज हरायला होईल.

मग शेनिन. मूळचं फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातलं. आज सर्वांत जास्त दक्षिण आफ्रिकेत, तिथे त्याला स्टीन म्हणत आणि हे तेच द्राक्ष आहे हे पुष्कळ वर्षं लक्षातच आलं नव्हतं. नाशिकच्या सुला कंपनीने 2000 साली पहिल्या वाईन काढल्या त्या सोव्हिन्यों आणि शेनिनच्याच. वास म्हणाल तर बेताचा: सफरचंद, थोडा मध, पिकलं की पपनसाची झाक. मग आपल्याकडे ते का रुजलं? उत्तर आम्लात आहे.

द्राक्षात मुख्य आम्लं दोन. टार्टारिक बऱ्यापैकी टिकतं. मॅलिक वेल श्वसनात जाळून टाकते, आणि ऊन जितकं कडक तितकं ते जळणं वेगात. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते आणि शरदात फळ देते. आपल्याकडे ती झोपतच नाही, म्हणून तिला कात्रीने वळण लावावं लागतं. एप्रिलला नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळासाठी गोडी छाटणी, आणि फळ पिकतं ते कोरड्या हिवाळ्यात. निफाड-दिंडोरीची थंडी रात्री हे जळणं मंद करते, पण दुपार आपलीच असते. या रेट्यातही शेनिन आंबटपणा सोडत नाही आणि माल भरपूर देते. थॉम्पसनला हे जमत नाही. ती खायची द्राक्षं, जीए, म्हणजे जिबरेलिक आम्ल या वाढीच्या संप्रेरकाच्या द्रावणात घड बुडवून मणी फुगवलेली. वाईनवाल्याला मणी बारीक हवा, कारण बहुतेक वास सालीत किंवा सालीलगत असतो. 18 मिलिमीटरच्या मण्यापेक्षा 12 मिलिमीटरच्या मण्यात रसामागे साल दीडपट भरते.

दुसऱ्या दिवशी पहाटे शेनिनची तोडणी होती. ऊन चढायच्या आत माल वायनरीत पोचायला हवा, म्हणून बायका कानाला स्कार्फ बांधून साडेपाचलाच कात्र्या घेऊन ओळीत शिरल्या. भावाने एक मणी रसातली साखर मोजणाऱ्या ब्रिक्स मीटरवर पिळला आणि दिव्याकडे धरून पाहिला. 22. सगळी साखर आंबली तर अल्कोहोल साडेबारा टक्क्यांच्या आसपास जाईल. मग दुसरा मणी तोंडात टाकला, बी तळहातावर काढली, रंग पाहिला, दातांनी फोडली. तपकिरी आणि कुरकुरीत. मान हलवली, क्रेट भरायला लागले.

शेजारची सोव्हिन्योंची ओळ तशीच उभी होती, यंदा तिची छाटणी उशिरा झालेली. तिथला एक मणी त्याने खाल्ला, एक मला दिला. मोबाइलवर हवामान पाहिलं. ढग नव्हते.

"मिरची आहे अजून," तो म्हणाला. "राहू दे आठ दिवस."