योगदान-नोंद आणि खासगीपणा (सामूहिक भाषांतर प्रणालींतील)

योगदान-नोंद : संगणकीय आज्ञावलीच्या पडद्यावरील मजकुराचे भाषांतर अनेक स्वयंसेवक मिळून करत असताना कोणी, केव्हा व किती काम केले हे लिहून ठेवण्याची पद्धत. ही नोंद ठेवताना स्वयंसेवकाचे खरे नाव, ईमेल पत्ता, कामाच्या वेळा आणि ठावठिकाणा गरजेपेक्षा जास्त उघड होऊ नये, हा या विषयाचा दुसरा आणि अधिक अवघड भाग आहे. वेबलेट, पूटल, पाँटून व ट्रान्सलेटविकी या प्रणालींनी त्याची उत्तरे वेगवेगळ्या प्रकारे दिली आहेत.

नोंद मुळात लागते ती श्रेयासाठी आणि हक्कासाठी. भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार भाषांतर ही स्वतंत्र कृती मानली जाते आणि कलम ५७ प्रमाणे कर्त्याला आपल्या कृतीवर कर्तृत्व सांगण्याचा हक्क असतो. त्यामुळे मजकूर कोणाचा आहे हेच ठाऊक नसेल, तर तो कोणत्या परवान्याखाली वाटता येईल हेही ठरवता येत नाही. ग्नू या मुक्त आज्ञावली बनवणाऱ्या प्रकल्पातील काही आज्ञावलींसाठी भाषांतरकाराकडून हक्क सोडल्याचे लेखी पत्र घेण्याची प्रथा याच कारणाने पडली.

सर्वांत जुनी आणि आजही सर्वत्र आढळणारी नोंद पीओ फाइलीच्या, म्हणजे मूळ वाक्ये व त्यांची भाषांतरे जोडीने ठेवणाऱ्या फाइलीच्या, शिरोभागात असते. १९९५ मध्ये आलेल्या ग्नू गेटटेक्स्ट या भाषांतर-साधनाने रूढ केलेल्या या रचनेत शेवटच्या भाषांतरकाराचे नाव व ईमेल, भाषासंघाचा पत्ता आणि फेरबदलाची तारीख-वेळ एकाखाली एक लिहिलेली असते. वेळेपुढे +०५३० असा कालविभाग येतो आणि माणूस बहुधा भारतातून काम करतो हे न विचारता कळते. या रकान्यात फक्त शेवटचा हात लागलेल्याचे नाव राहते, म्हणजे चारशे वाक्ये लिहिणाऱ्याच्या जागी एक स्वल्पविराम सुधारणारा येऊन बसू शकतो. आधीच्यांची नावे वरच्या टिप्पणीत कोणी आठवणीने लिहिली तरच टिकतात. केडीई या डेस्कटॉप आज्ञावली बनवणाऱ्या प्रकल्पाने तर भाषांतरकारांची नावे व ईमेल ही दोन स्वतंत्र भाषांतरयोग्य वाक्येच करून ठेवली असून ती आज्ञावलीच्या ‘विषयी’ या चौकटीत प्रत्येक वापरकर्त्याला दिसतात. ही रचना ठरली तेव्हा जाहीर ईमेल पत्ता ही संपर्काची सोय वाटत असे. नको त्या जाहिराती पाठवण्यासाठी असे पत्ते गोळा करणारी यंत्रे पुढे आली.

झेक प्रोग्रामर मिखाल चिहार्श यांनी २०१२ मध्ये सुरू केलेली वेबलेट ही प्रणाली भाषांतर थेट गिट भांडारात, म्हणजे फाइलींतील प्रत्येक बदलाचा इतिहास राखणाऱ्या साठ्यात, नोंदवते. एकाच भाषांतरकाराचे बदल ती साठवून ठेवते आणि त्याच वाक्यावर दुसऱ्या कोणाचा हात पडताच आधीचे बदल पहिल्याच्या नावाने कमिट करते, म्हणजे त्या इतिहासात पक्के नोंदवते, त्यामुळे श्रेय चोख राहते. अडचण नेमकी या चोखपणातून येते. गिटमधील प्रत्येक कमिटचा ओळख-क्रमांक मजकूर, कर्त्याचे नाव, ईमेल, वेळ आणि आधीचा कमिट यांवरून काढला जातो. म्हणून एक जुना पत्ता पुसायचा म्हटले तरी त्यानंतरच्या साऱ्या इतिहासाचे क्रमांक बदलतात, आणि जगभर पसरलेल्या प्रती तरीही जशाच्या तशा राहतात. मेलमॅप नावाची फाइल दाखवण्यापुरते नाव बदलते खरे, पण जुने नाव वा पत्ता तिच्यातच लिहावा लागतो, जे लपवण्याच्या हेतूला फारसे शोभत नाही. यावर वेबलेटने खात्याच्या ईमेलहून वेगळा पत्ता, किंवा प्रणालीने बनवून दिलेला, उत्तर न स्वीकारणारा पत्ता कमिटसाठी निवडण्याची सोय केली आहे. तिचा उपयोग पहिले वाक्य लिहिण्यापूर्वी केला तरच पुरता होतो, आणि नव्या स्वयंसेवकाला तेव्हा हे कोणी सांगत नाही.

निक्लास लाक्सस्ट्रोम यांनी सुरू केलेल्या ट्रान्सलेटविकीची वाट निराळी आहे. मीडियाविकीची (विकिपीडियामागील आज्ञावलीची) भाषांतरे तेथून एका सांगकाम्याच्या (आपोआप काम करणाऱ्या बॉट-खात्याच्या) नावाने एकत्रित पाठवली जातात आणि फाइलीच्या आरंभी फक्त सदस्यनावांची यादी राहते. सदस्यनाव स्वतः निवडलेले असल्याने श्रेय टोपणनावालाही मिळते. विकीच्या पृष्ठ-इतिहासात मात्र प्रत्येक संपादनाची वेळ कोणालाही पाहता येते.

एकत्रित आकडेवारी दिली की व्यक्ती झाकली जाते, ही समजूत मोठ्या भाषासंघांपुरती खरी आहे. मराठीसारख्या भाषेत एखाद्या आज्ञावलीवर दोन-तीनच माणसे, कित्येकदा एकच माणूस काम करत असतो, आणि तेव्हा ‘मराठी संघाचे या आठवड्यातील काम’ म्हणजे त्या एकाचीच हजेरी. दिवसवार आलेखातून त्याची दिवाळीची सुट्टी, आजारपण, कचेरीच्या वेळेत केलेली भाषांतरे सगळे वाचता येते. टॉर ब्राउझरसारख्या, सरकारी निर्बंध ओलांडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या साधनाचे फारसी भाषांतर करणाऱ्याच्या बाबतीत तर हाच आलेख जिवाशी येऊ शकतो.

मोजमापातही खोट आहे. प्रणाली बहुधा मूळ भाषेतील शब्द किंवा वाक्ये मोजतात. ‘फाइल’ ठेवावे की ‘संचिका’, ‘जतन करा’ म्हणावे की ‘साठवा’ यावर घातलेला आठवडा आकड्यात उतरत नाही, तर यंत्रभाषांतर डोळे मिटून स्वीकारणारा क्रमवारीत वर चढतो. अशी क्रमवारी जाहीर लावणे हे प्रस्तुत नोंदकाराच्या मते दोन्ही बाजूंनी तोट्याचे आहे : दर्जा घसरतो आणि माणसावर विनाकारण पाळत राहते.

युरोपीय महासंघाचा सामान्य डेटा संरक्षण नियम २५ मे २०१८ पासून लागू झाला आणि गरजेपुरतीच माहिती ठेवण्याचे व मागणी केल्यास ती पुसण्याचे बंधन प्रणाली चालवणाऱ्यांवर आले. पुसण्याचा हा हक्क निरपवाद मात्र नाही. भारतात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला. वेबलेटमध्ये खाते काढून टाकल्यावर भाषांतरे राहतात आणि कर्त्याच्या जागी ‘खाते काढलेला सदस्य’ अशा अर्थाचे नाव येते. लॉगिनसारख्या घडामोडींची आयपी पत्त्यासह ठेवलेली तपासनोंद मूळ मांडणीनुसार १८० दिवसांनी जाते. गिट भांडारात आधीच गेलेले नाव व पत्ता यांना यांपैकी कशाचाही स्पर्श होत नाही.