वर्तन विश्लेषणात सुपरवायझरचे काम कसे घडत गेले

स्वमग्न मुलासोबत रोज तासन्‌तास बसणारी व्यक्ती बहुधा नुकतीच कामाला लागलेली, कमी पगाराची टेक्निशियन असते. उपचाराची आखणी करणारा वर्तन विश्लेषक, म्हणजे वागणे का घडते ते पाहून ते बदलण्याचे शास्त्र शिकलेला तज्ज्ञ, हाच तिचा सुपरवायझर; तो मधूनमधून येतो. या दोघांमधले नाते कसे आहे, यावर त्या मुलाचे बरेच काही अवलंबून असते.

ही रचना सुरुवातीपासूनची आहे. १९५९ मध्ये मानसशास्त्रज्ञ तेओदोरो आयलॉन आणि जॅक मायकल यांनी कॅनडातील सस्कॅचवान प्रांतातल्या मनोरुग्णालयात केलेले काम प्रसिद्ध झाले. वॉर्डातले उपचार त्यांनी नर्सकरवी केले. कोणत्या वागण्याकडे लक्ष द्यायचे, कोणत्याकडे नाही, हे नर्सना शिकवले. दिवसाला सरासरी १६ वेळा नर्सच्या खोलीत शिरणारी एक रुग्ण काही आठवड्यांत दोनवर आली. म्हणजे हे शास्त्र रुग्णापर्यंत पोचले तेच कर्मचाऱ्यांच्या हातून.

त्या हातांकडे कोणी पाहिले नाही तर काय होते, हे १९७२ मध्ये फ्लोरिडातल्या मायामीत उघड झाले. सनलँड या मतिमंदांसाठीच्या सरकारी संस्थेत ‘वर्तन सुधारणे’च्या नावाखाली रहिवाशांना मारहाण होत होती, कोंडून ठेवले जात होते, चारचौघांत अपमानित केले जात होते. चौकशीत दिसले ते असे की अपुरे शिकलेले कर्मचारी शिक्षा स्वतःच ठरवत होते आणि वरून कोणी तपासत नव्हते. मला या इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची घटना वाटते. फ्लोरिडाने पुढे नियमावली केली, वर्तन विश्लेषकांसाठी परीक्षा आणली, आणि त्याच राज्यातल्या अनुभवातून जेरी शुक यांनी १९९८ मध्ये वर्तन विश्लेषकांना प्रमाणपत्र देणारे ‘बिहेवियर ॲनालिस्ट सर्टिफिकेशन बोर्ड’ उभे केले.

पण नजर ठेवणे म्हणजे शिकवणे नव्हे. शिकवण्याचा धागा आधी उद्योगधंद्यातून आला. १९७० च्या सुमारास एमरी एअर फ्रेट या मालवाहतूक कंपनीत एडवर्ड फीनी यांना आढळले, की लहान पार्सले मोठ्या कंटेनरमध्ये एकत्र भरण्याचे काम आपण जवळजवळ नेहमी करतो असे कामगारांना वाटते, प्रत्यक्षात ते निम्म्याहून कमी वेळा होते. कामगारांनी स्वतःच नोंद ठेवावी आणि चांगल्या कामाला शाबासकी मिळावी, एवढ्या बदलाने प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास गेले. पुढे डेनिस रीड आणि मार्शा पार्सन्स यांनी नॉर्थ कॅरोलायनात अपंगांच्या संस्थांमधल्या कर्मचाऱ्यांवर वर्षानुवर्षे अभ्यास केला. तोंडी सांगा, करून दाखवा, त्यांच्याकडून करून घ्या, मग फीडबॅक द्या, आणि नंतरही प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी जाऊन बघत राहा, ही त्यांची पद्धत. नुसत्या वर्गातल्या प्रशिक्षणावर त्यांचा भरवसा नव्हता, आणि ते योग्यच होते.

२०१४ मध्ये बोर्डाने टेक्निशियनसाठी प्रमाणपत्र आणले: ४० तासांचे प्रशिक्षण, आणि दर महिन्याच्या कामाच्या तासांपैकी किमान ५ टक्के पर्यवेक्षण. सुपरवायझरनेही पर्यवेक्षण शिकले पाहिजे ही अट २०१५ मध्ये लागू झाली. इतकी उशिरा! तोवर चांगला विश्लेषक आपोआप चांगला सुपरवायझर होतो, असे धरून चालले होते.

१ जानेवारी २०२३ पासून हे बोर्ड भारतातून प्रमाणपत्रासाठी नवे अर्ज घेत नाही. इतर संस्थांची प्रमाणपत्रे आहेत, पण या बोर्डाची ती ५ टक्क्यांची अट पुण्या-मुंबईतल्या नव्या टेक्निशियनना लागू होत नाही. त्यामुळे प्रवेश घेताना पालकांनी केंद्राला जरूर विचारावे: माझ्या मुलासोबत बसणाऱ्या ताईंचे काम प्रत्यक्ष कोण पाहते, आणि महिन्यातून किती तास?