'एचआरचा फोन आला' म्हणजे नक्की कुणाचा? कंपनीचा रिक्रूटर आणि कन्सल्टन्सीचा रिक्रूटर

नोकरी शोधणारं कुणीही भेटलं की हेच वाक्य, "एचआरचा फोन आला होता". कंपनीचा की कन्सल्टन्सीचा (म्हणजे कंपन्यांना माणसं शोधून देणाऱ्या बाहेरच्या एजन्सीचा), असं विचारलं की समोरचा गप्प. मला याचा खरंच वैताग येतो, कारण पुढे काय बोलायचं आणि काय नाही ते सगळं यावरच ठरतं.

कंपनीचा रिक्रूटर माहितीचाच आहे. कंपनीचा पगारी माणूस, कंपनीच्याच जागा भरतो. बास.

गोंधळ आहे तो कन्सल्टन्सीवाल्याचा. तो आपुलकीनं बोलतो, रेझ्युमे सुधारून देतो, इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी तयारी करून घेतो, मग लोकांना वाटतं हा आपल्यासाठी नोकरी शोधतोय. नाही हो, तो कंपनीसाठी माणूस शोधतोय! पैसे कंपनी देते, तेही बहुतेक वेळा तुम्ही जॉइन झालात तरच, पहिल्या वर्षाच्या पगाराचे ठरलेले टक्के. आणि तुम्ही दोन-तीन महिन्यांत सोडलंत तर बऱ्याचदा त्याला फी परत द्यावी लागते नाहीतर दुसरा माणूस फुकट शोधून द्यावा लागतो.

यावर लोक म्हणतात, मग माझा पगार वाढला की त्याची फीपण वाढणार, म्हणजे तो माझ्यासाठी भांडेलच की. इथेच फसतात. पगार १०० धरा, फी २० टक्के, त्याला मिळाले २०. तुम्ही ताणून ११० केलात तर त्याला २२. म्हणजे तुमचे १० वाढले, त्याचे फक्त २, आणि ताणता ताणता ऑफरच गेली तर त्याचे २० च्या २० बुडाले. मग तो "घेऊन टाका, चांगली ऑफर आहे" असंच म्हणणार ना. माणूस वाईट नसतो, गणितच तसं आहे. म्हणून आकडा आपला आपण ठरवायचा, त्याला फक्त कळवायचा. त्याच्याकडून घ्यायची ती माहिती: बजेट किती, आधीचे कँडिडेट कशावरून रिजेक्ट झाले, मॅनेजर काय विचारतो. ही माहिती कंपनीचा रिक्रूटर इतकी मोकळेपणी देत नाही.

माझा सगळ्यात मोठा राग मात्र एकच रेझ्युमे चार कन्सल्टन्सींना देऊन निवांत बसणाऱ्यांवर आहे. दोघांनी तो एकाच कंपनीत पाठवला की फी कुणाची यावरून वाद होतो, आणि त्या भानगडीत पडण्यापेक्षा कंपनी बऱ्याचदा कँडिडेटच सोडून देते. एकदा एकानं पाठवलं की तुमच्या फीवर त्या कंपनीत त्याचा हक्क साधारण सहा महिने ते वर्षभर राहतो, मग तुम्ही स्वतः वेबसाइटवरून अर्ज करूनही उपयोग होत नाही. त्यामुळे पहिल्याच मेलमध्ये लिहा, "कंपनीचं नाव सांगून माझा होकार घेतल्याशिवाय रेझ्युमे पुढे पाठवू नका", आणि कुणी कुठे पाठवला त्याची यादी ठेवा. कंपनीत ओळखीचं कुणी असेल तर मी तरी थेटच अर्ज करेन, जाहिरात न झालेल्या जागांसाठी कन्सल्टन्सी.

आणि कन्सल्टन्सीनं तुमच्याकडे रजिस्ट्रेशनचे पैसे मागितले तर तिथेच थांबा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारातसुद्धा, मोजके अपवाद सोडले तर, खाजगी एजन्सीनं कामगाराकडून फी घ्यायची नाही असंच म्हटलंय.