पाच वॉटचा व्हॉल्व्ह आणि बारा इंची बॉक्स

आपल्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरला (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर म्हणजे व्हॉल्व्हवर चालणाऱ्या) जोडायला मंडपवाल्याने काढून टाकलेले बारा इंची स्पीकर बॉक्स घरी आणले की गल्लीतला जाणकार मागची पट्टी वाचून सांगतो, "तीनशे वॉटचे हायेत, तुमच्या पाच वॉटच्या व्हॉल्व्हनं हलायचे बी नाहीत." औशापासून अंबाजोगाईपर्यंत हा सल्ला सारखाच मिळतो आणि तो चूक आहे.

तीनशे वॉट म्हणजे स्पीकरची कॉइल (आतली तारेची गुंडाळी) न जळता जेवढी शक्ती सोसेल ती मर्यादा. आवाज किती निघेल ते सेन्सिटिव्हिटीवर ठरतं: एक वॉट दिला असता एक मीटरवर किती डेसिबल. घरगुती लहान स्पीकर साधारण ८७ डेसिबल देतो, सभा-समारंभाचा चांगला बारा इंची ९७. दहा डेसिबल म्हणजे शक्तीत दहापट. मोठा बॉक्स ५ वॉटवर जेवढा वाजतो, तेवढं वाजायला लहान स्पीकरला ५० वॉट लागतात. माळवदाच्या बारा बाय पंधराच्या खोलीत मोठ्या बॉक्सला ५ वॉट पुरून उरतात. मात्र पुष्कळ कंपन्या हा आकडा २.८३ व्होल्टवर मोजतात. स्पीकरचा विजेला होणारा विरोध ८ ओहम असेल तर तो एक वॉट होतो, ४ ओहम असेल तर दोन. म्हणून ४ ओहमच्या स्पीकरच्या अशा आकड्यातून ३ डेसिबल वजा करूनच तुलना करावी. ('३००० वॉट पीएमपीओ', म्हणजे जाहिरातीसाठी फुगवलेली क्षणिक शक्ती, छापलेलं असेल तर वजाबाकीची गरज नाही, तो आकडाच सोडून द्यावा.)

खरी गंमत व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये आहे. अशा लहान यंत्रातल्या एकट्या ईएल८४ जातीच्या व्हॉल्व्हला सुमारे ५,२०० ओहमचा भार हवा असतो; स्पीकर असतो ८ ओहमचा. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज जितक्या पटीने उतरवतो तितक्याच पटीने करंट चढवतो, त्यामुळे ओहम वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने बदलतात. ५,२०० भागिले ८ म्हणजे ६५०. त्याचं वर्गमूळ साडेपंचवीस. तेवढे प्रायमरी (व्हॉल्व्हकडचे) वेढे सेकंडरीच्या (स्पीकरकडच्या) एका वेढ्यामागे. आता याच ८ ओहमच्या टॅपला (स्पीकर जोडायच्या टोकाला) ४ ओहमचा स्पीकर लावला तर व्हॉल्व्हला २,६०० ओहमच दिसतात: शक्ती घटते, आवाज लवकर फाटतो. दोन ८ ओहमचे बॉक्स एकाच चॅनेलला समांतर जोडले तरी तेच.

स्पीकर न लावता सिग्नल देणं त्याहून वाईट. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात साठलेली ऊर्जा बाहेर पडायला वाट नसते, प्रायमरीवर व्होल्टेज उसळतं आणि वायरचं इन्सुलेशन किंवा व्हॉल्व्हचा सॉकेट जळतो. आधी स्पीकर, मग स्विच. तार निसटलीच तर थोडा आधार म्हणून आउटपुटवर १०० ते २२० ओहमचा, ५ वॉटचा रेझिस्टर कायमचा लावून ठेवावा.

८ ओहम हाही नावाचाच आकडा. एकच स्पीकर एका फ्रिक्वेन्सीला ५ ओहम, तर खालच्या रेझोनन्सला (ज्या सुराला तो आपोआप घुमतो तिथे) ४० ओहम असू शकतो. फीडबॅक (आउटपुटचा भाग मागे नेऊन केलेली दुरुस्ती) कमी असलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचा आउटपुट इम्पीडन्स (त्याचा स्वतःचा आतला विरोध) ३ ओहम धरला, तर ४० ओहमच्या जागी ४३ पैकी ४० भाग व्होल्टेज स्पीकरला मिळतं, ५ च्या जागी ८ पैकी फक्त ५. फरक सुमारे साडेतीन डेसिबल. रेझोनन्सचा सूर तेवढा जास्त जोरात येतो, म्हणून डग्गा प्रत्येक ठेक्याला एकाच सुरात घुमतो. व्हॉल्व्हची ट्रायोड जोडणी (स्क्रीन ग्रिड अ‍ॅनोडला जोडलेली) असेल तर ८ ओहमचा स्पीकर ४ च्या टॅपला लावून पाहावा: आउटपुट इम्पीडन्स निम्मा होतो, थोडी शक्ती जाते, पण बेस आवळतो. हे काम सोन्याचा मुलामा दिलेली स्पीकर वायर करत नाही. दोन-तीन मीटरला दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर पुरते.

खेड्यात रात्री लाइनचं व्होल्टेज चढतं. व्हॉल्व्हच्या ६.३ व्होल्टच्या हीटरला (आतल्या तापणाऱ्या तारेला) दहा टक्क्यांपर्यंतचा चढउतार चालतो, म्हणजे २३० वर चालणाऱ्या यंत्राला २५३ पर्यंत. त्यापुढे स्टॅबिलायझर लावावा. आणि झाकण उघडताना प्लग काढलेला असला तरी फिल्टर कपॅसिटरमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट उरलेले असू शकतात. ते आधी रेझिस्टरमधून उतरवून, मीटरने शून्य तपासून मगच हात घालावा.