मांस सोडलं, मग ताटात काय आलं?

महाराष्ट्रातला मांसाहार पूर्वीपासूनच वारांनी बांधलेला आहे. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी, नवरात्र आणि अख्खा श्रावण वगळला, तर मटण-मासळी आवडीनं खाणाऱ्या घरातही खायचे दिवस मोजकेच उरतात. केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीत २०१४ साली महाराष्ट्रातल्या १५ वर्षांवरच्या सुमारे ४० टक्के लोकांनी आपण शाकाहारी असल्याचं सांगितलं होतं. राजस्थानात हे प्रमाण जवळपास ७५ टक्के होतं, तर तेलंगणात जेमतेम १ टक्का. आपण मधोमध आहोत. एकाच घरात, एकाच चुलीवर खाणारे आणि न खाणारे दोघंही जेवतात, आणि मांसाऐवजी काय खायचं हा प्रश्न इथं त्यामुळेच जुना आहे. आज डीप फ्रीजरमध्ये मिळणाऱ्या ‘प्लँट बेस्ड’, म्हणजे वनस्पतींपासून बनवलेल्या, खिम्याकडे बघताना ही जुनी पार्श्वभूमी माहीत असायला हवी.

सुरुवात वारकऱ्यांपासून करावी लागते. गळ्यात तुळशीची माळ घातली की मांस आणि दारू सुटली, एकादशी आली आणि वर्षातून एकदा तरी पंढरीची वारी आली. ही माळ घालणारे बरेच जण मुळात मांस खाणाऱ्या घरांतले. मराठा, कुणबी, माळी, धनगर कुटुंबांत आजोबा माळकरी आणि नातू कोंबडीवर ताव मारणारा, हे दृश्य आजही सर्रास दिसतं. घरात मटण शिजतं त्या दिवशी माळकऱ्याचं भांडं वेगळं, पळी वेगळी. मात्र पाट्यावर वाटलेलं कांदा-खोबऱ्याचं वाटण एकच. मटणाची फोड पडायच्या आधी त्यातला गोळा बाजूला काढून ठेवायचा, आणि त्यात वांगं, शेवगा, मटकी किंवा वडी शिजवायची. माळ घालणाऱ्यानं मांस सोडलं, पण काळ्या मसाल्याचा तिखट रस्सा सोडायची गरज त्याला कधीच पडली नाही. माझ्या मते, इथं मांस सोडणं लाखो लोकांना जमलं याचं निम्मं श्रेय श्रद्धेला असेल, तर निम्मं या वाटणाला आहे.

जुन्नर, आंबेगाव, नारायणगावच्या पट्ट्यातली मासवडी या वाटणाचीच लेक. बेसन फोडणीच्या पाण्यात घोटून घट्ट पिठलं करायचं, इतकं घट्ट की पळी उभी राहावी. ओल्या फडक्यावर ते गरम असतानाच हातानं थापायचं. हात पोळतो म्हणून मध्ये मध्ये गार पाण्यात बुडवावा लागतो. त्यावर भाजलेले तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसूण, कोथिंबीर यांचं सारण पसरायचं आणि फडक्याच्या टोकांनी दोन्ही बाजू मिटून लांबट, मधे उंचवटा असलेला आकार द्यायचा. सुरीनं आडवे काप पाडले की ताटात मासळीच्या तुकड्यासारखी वडी पडते. सोबत तर्रीचा रस्सा आणि बाजरीची भाकरी. विदर्भ-खानदेशाकडे पाटवडीचा रस्सा किंवा डुबुकवड्या तेच काम करतात.

कोकणात आणि गोव्यात मसाला बदलतो, रीत तीच राहते. मालवणात काळ्या वाटाण्याचं सांबारं मटणाच्याच भाजक्या वाटपात होतं. कोवळ्या फणसाची भाजी आणि पावसाळ्यात रानात उगवणारी अळंबी यांना तर मांसाहारी माणूसही हक्काचा पर्याय मानतो. गोव्यात वार पाळायचा तर ‘शिवराक’, म्हणजे शाकाहारी, जेवण, आणि त्यात अळसांद्यांचं (चवळीसारख्या कडधान्याचं) किंवा अळंब्यांचं तोणाक, म्हणजे रस्साभाजी, हमखास. यातल्या कुणीही जिभेला फसवायला मांसाची हुबेहूब नक्कल केलेली नाही. मसाला हे जेवणाचं केंद्र होतं, आणि त्यात कुणाला बसवायचं एवढाच प्रश्न होता.

गाडगेबाबांची गोष्ट इथं आठवते. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेल्या डेबूजीनं आपल्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण-दारू न ठेवता गोडधोडाचं जेवण दिलं, तेव्हा भाऊबंदांत खळबळ उडाली. पुढं आयुष्यभर खराट्यानं गावं झाडताना ते कीर्तनातून देवाच्या नावानं कापल्या जाणाऱ्या बकऱ्या-कोंबड्यांबद्दल पोटतिडकीनं बोलत राहिले. कर्ज काढून जत्रेला बकरं कापणारा गरीब त्यांना डोळ्यांसमोर दिसत होता. त्यांच्या सांगण्यात जिवाची दया होती, तितकाच घरखर्चाचा हिशोबही होता.

मात्र मांस सोडण्याचा इतिहास माळेपाशीच थांबवला तर तो अर्धाही होत नाही. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचं पाणी सर्वांना आठवतं. त्याच परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावरांचं मांस खाणं सोडा, उष्टं-शिळं मागणं सोडा, असं कळकळीनं सांगितलं होतं. हे आवाहन शाकाहाराचं नव्हतं. मेलेलं ढोर ओढणं हे गावानं महारांवर लादलेलं काम होतं आणि त्याचं मांस हा त्या कामाचा मोबदला मानला जाई. दुष्काळात हेच मांस घराला तारायचं. त्याच्या लांब पट्ट्या कापून, मीठ लावून, उन्हात दोरीवर वाळवायच्या. या चान्या महिनोन्महिने टिकत आणि भाकरीसोबत भाजून किंवा कालवणात टाकून खाल्ल्या जात. ते सोडायचं म्हणजे अन्नही सोडायचं आणि गावाचा रोषही ओढवून घ्यायचा. ढोरं ओढायला नकार दिला म्हणून वस्त्यांवर बहिष्कार पडले, मारहाण झाली. तरी लोकांनी सोडलं.

या सोडण्याला पर्याय म्हणून कुणी काही पुढं केलं नव्हतं. मासवडीला लागणारं बेसन, तीळ, खोबरं त्या घरात कुठून येणार? मांस सोडण्याबद्दल आज आपण आरोग्य, पर्यावरण, प्राणीदया अशा भाषेत बोलतो, आणि ती भाषा मला खरीच वाटते. पण महाडच्या लोकांनी पोटाला चिमटा काढून स्वाभिमानासाठी जे सोडलं, त्याचा उल्लेख या चर्चेत जवळपास कधीच होत नाही, याचं मला वाईट वाटतं. तसंच २०१५ साली राज्यात गोवंश हत्याबंदी लागू झाली तेव्हा अनेक गरीब घरांतलं स्वस्त मांस कायद्यानं गेलं. आपण होऊन सोडणं आणि हातातून काढून घेतलं जाणं, या दोन गोष्टी एका मापानं मोजता येत नाहीत.

प्रथिनांचा स्वस्त पर्याय शोधण्याचा जाणीवपूर्वक प्रयत्न १९३०च्या दशकात दिसतो. बडोदा संस्थानात सोयाबीनच्या लागवडीचा आणि खाण्याचा प्रसार सुरू झाला होता. संस्थानचे अन्नविषयक अधिकारी एफ. एस. काळे यांनी त्यावर इंग्रजीत पुस्तकही लिहिलं. त्याच सुमारास, १९३५ मध्ये, वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी सोयाबीनचा प्रयोग केला आणि ‘हरिजन’मधून त्याबद्दल लिहिलं. गरिबाच्या ताटात डाळीपेक्षा जास्त ताकदीचं आणि परवडणारं काही येतं का, हा त्यांचा शोध होता. प्रयोग लोकांच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला नाही. सोयाबीन नुसतं शिजवलं तर लवकर मऊ होत नाही, आणि त्याचा उग्र कच्चा वास आमटीत लपत नाही.

ती अडचण यंत्रानं सोडवली. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या आर्चर डॅनियल्स मिडलँड कंपनीनं, म्हणजे एडीएमनं, तेल काढून उरलेल्या सोयाच्या पिठापासून मांसासारखे धागे असलेला पदार्थ तयार करण्याची पद्धत बसवली. पीठ ओलं करून बंद नळीत स्क्रूनं प्रचंड दाबाखाली आणि उष्णतेत पुढं ढकलायचं. बारीक छिद्रातून बाहेर पडताना दाब एकदम सुटतो, आतलं पाणी वाफ होऊन उडतं आणि पीठ स्पंजासारखं फुगतं. हीच आपली सोयाबीन वडी. वाळलेल्या १०० ग्रॅम वडीत ५० ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. इंदूरच्या रुची सोया कंपनीची ‘न्यूट्रेला’ १९८०च्या दशकात बाजारात आली आणि काही वर्षांत सुटी वडी किराणा दुकानाच्या पोत्यातही दिसू लागली. कढत पाण्यात भिजवायची, फुगली की दोन्ही तळव्यांत दाबून पिवळट पाणी काढायचं, पुन्हा साध्या पाण्यातून काढून पिळायची, मग वाटणात टाकायची. पिळण्यात कसर राहिली तर रश्शाला वास येतो, हे प्रत्येक सुगरणीला ठाऊक आहे. वसतिगृहांच्या मेसपासून श्रावणातल्या घरगुती ‘मटणा’पर्यंत ती पोहोचली, कारण तिला स्वतःची चव नाही आणि रस्सा ती भरभरून पिते. जुन्या रितीत ती आयती बसली.

सोयाबीन शेतात कसं आलं तेही पाहू. जबलपूरच्या कृषी विद्यापीठात इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीनं १९६०च्या दशकात वाणांवर काम सुरू झालं. मध्य प्रदेशानंतर विदर्भ आणि मराठवाडा या पिकाकडे वळले. १९९४ मध्ये आलेल्या जेएस ३३५ या वाणानं तर शिवारं व्यापली. ज्वारी, मूग, उडीद मागं पडले आणि लातूर सोयाबीनची मोठी बाजारपेठ झाली. अलीकडच्या खरिपांत राज्यात सुमारे ५० लाख हेक्टरवर सोयाबीन उभं असतं. पण त्यातलं माणसाच्या ताटात थेट येतं ते फारच थोडं. तेल काढल्यावर उरणारी बहुतेक पेंड कोंबड्यांच्या खाद्यात आणि निर्यातीत जाते. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली सुरू केलेल्या पुण्याच्या वेंकटेश्वरा हॅचरीजनं ब्रॉयलर कोंबडीचा धंदा देशभर रुजवला, आणि तो स्वस्तात वाढला तो मका आणि याच सोयापेंडीवर. कोंबडी सणावारापुरती न राहता रविवारची आणि मग कुठल्याही वारची झाली. मांसाला पर्याय म्हणून गांधीजींनी ज्या दाण्याकडे पाहिलं, त्याच दाण्यानं मांस स्वस्त केलं.

गेल्या पंधरा वर्षांतली लाट वेगळ्या वाटेनं आली. अमेरिकेत २००९ साली बियाँड मीट आणि २०११ साली इम्पॉसिबल फूड्स सुरू झाल्या आणि त्यांनी मांसाची हुबेहूब नक्कल हेच ध्येय ठेवलं. इम्पॉसिबलच्या बर्गरला रक्तासारखा रंग आणि मांसाचा वास देणारा घटक मुळात सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींत असतो. शेतकऱ्यानं रोप उपटून गाठ नखानं फोडली की आत गुलाबी दिसतं, तेच ते. कंपनी ते यीस्टकडून बनवून घेते. बियाँड मीटचा शेअर २०१९ मध्ये २५ डॉलरला बाजारात आला, काही महिन्यांत २०० डॉलरच्या पुढं गेला आणि २०२४ संपताना १० डॉलरच्याही खाली होता.

भारतात उदयपूरच्या गुडडॉटनं आणि मुंबईच्या ब्लू ट्राइबनं हा धंदा सुरू केला. रितेश आणि जेनेलिया देशमुख यांनी २०२१ मध्ये ‘इमॅजिन मीट्स’ आणलं. रितेश लातूरच्या देशमुख घराण्यातले, आणि एडीएमचा सोयाबीन प्रक्रियेचा कारखानाही आज लातुरातच आहे. कबाब, खिमा, बिर्याणी अशी देशी नावं घेऊन हा माल आला, हे मला शहाणपणाचं वाटतं. अडचण किमतीची आहे. गोठवलेलं छोटं पाकीट घेताना ग्राहक त्याच पैशात किती कोंबडी येईल याचा हिशोब करतो, आणि तालुक्याच्या गावी अखंड वीज असलेला फ्रीजर मिळणं हीसुद्धा साधी गोष्ट नाही.

तिकडे २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झालेला असताना मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांना बाजारात त्याहून कितीतरी कमी भावात माल विकावा लागला. महागड्या पाकिटातला मुख्य कच्चा माल हाच. ही दरी कमी करायची असेल तर गावपातळीवर वडी, सोयापनीर आणि पीठ बनवणारे छोटे उद्योग उभे राहिले पाहिजेत. बचत गटांना कर्ज, यंत्र आणि शाळांच्या पोषण आहारात हक्काची खरेदी मिळाली, तर लातूर-वाशीमचं सोयाबीन कोंबडीच्या खुराड्याआधी मुलांच्या ताटात जाऊ शकेल.