लाकडी मोटरबोटींचा घरगुती जीर्णोद्धार

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आणि त्यानंतरच्या दोनेक दशकांत बांधलेल्या, पेट्रोल इंजिनावर चालणाऱ्या लाकडी विहारनौका घरच्या गॅरेजात किंवा परसातल्या छपराखाली आणून त्यांचा सांगाडा, तळ, यंत्र व चकाकी पूर्ववत करण्याचा उद्योग. हा प्रघात मुख्यतः अमेरिका व कॅनडातील गोड्या पाण्याच्या सरोवरांभोवती रुजला. इटलीत इझेओ सरोवराकाठच्या सार्निको येथील रीव्हा कारखान्याच्या बोटी (विशेषतः १९६२ ते १९९६ या काळातील ‘आक्वारामा’) तितक्याच जपल्या जातात. पण ते काम बहुतांशी व्यावसायिक कर्मशाळांत चालते. म्हणून या नोंदीत अमेरिकी महॉगनी बोटींचाच विचार केला आहे.

‘जीर्णोद्धार’ हा शब्द मराठीत देवळांच्या संदर्भात रुळलेला आहे. देवळाचा जुना दगड गेला, नवा बसला, तरी देऊळ तेच राहते आणि त्याबद्दल फारसा वाद होत नाही. बोटीच्या बाबतीत मात्र नेमका तोच वादाचा मुद्दा आहे.

या बोटींच्या इतिहासातील तारखा सावधपणे घ्याव्या लागतात. सर्वाधिक बोटी ज्या नावाच्या आढळतात त्या क्रिस-क्राफ्टचा प्रारंभ १८७४ असा दिला जातो. संस्थापक क्रिस्टोफर कोलंबस स्मिथ (१८६१–१९३९) त्या वर्षी जेमतेम तेरा वर्षांचा होता. मिशिगन राज्यातील अल्गोनॅक गावी त्याने व त्याच्या भावाने बदकांच्या शिकारीसाठी होड्या करायला सुरुवात केली, एवढाच त्या सालाचा अर्थ. पुढे १९१६ मध्ये गार वुड (१८८०–१९७१) या शर्यतपटूने स्मिथची ‘मिस डिट्रॉइट’ बोट व त्याच्या धंद्यातील हिस्सा विकत घेतला. ही भागीदारी संपल्यावर १९२२ मध्ये ‘क्रिस स्मिथ अँड सन्स बोट कंपनी’ निघाली आणि १९३० मध्ये तिला ‘क्रिस-क्राफ्ट कॉर्पोरेशन’ हे नाव मिळाले. एका साच्याच्या बोटी संख्येने बांधण्याची रीत पाहायची असेल, तर १९२२ हेच साल धरणे अधिक सयुक्तिक होय. इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा वेगवान तळ कोणी आणला, यावरही असाच मतभेद आहे. डिट्रॉइटचा जॉन हॅकर (१८७७–१९६१) याला पुष्कळ श्रेय दिले जाते. परंतु हे आकार त्या काळी अनेकांच्या हातून एकाच वेळी घडत होते, असे मानणे सुरक्षित आहे. आरंभीच्या कित्येक बोटींत पहिल्या महायुद्धातून उरलेली विमानांची कर्टिस ओएक्स-५ इंजिने स्वस्तात मिळाली म्हणून बसवली जात, हे मात्र निर्विवाद.

१९५० च्या दशकाच्या अखेरीपासून फायबरग्लासने लाकडाला मागे टाकले. देखभालीला कंटाळलेल्या मालकांनी बोटी गोठ्यांत व गोदामांत लोटल्या आणि काही वर्षांनी त्या नाममात्र किमतीला मिळू लागल्या. घरगुती जीर्णोद्धाराचा उगम या पडून राहिलेल्या बोटींत आहे. क्रिस-क्राफ्टने १९५० पासून घरी जोडायचे सुटे संच विकले होते. त्यामुळे गॅरेजात बोट उभी करण्याची सवय काही घरांना आधीच होती. न्यूयॉर्क राज्यातील लेक जॉर्ज येथे १९७५ मध्ये स्थापन झालेल्या ‘अँटिक अँड क्लासिक बोट सोसायटी’ने या छंदाला नियम दिले. तिच्या वर्गीकरणात १९१८ पर्यंतची बोट ‘ऐतिहासिक’, १९१९ ते १९४२ मधील ‘अँटिक’ आणि त्यानंतरच्या काही दशकांतील ‘क्लासिक’ ठरते. डेक व बाजूंचे किमान ६० टक्के लाकूड मूळचे असेल तर बोट ‘जतन केलेली’, अन्यथा ‘जीर्णोद्धारित’. तळ या हिशेबात धरलेला नाही. हे दुर्लक्ष नव्हे. तळ झिजणारा आणि बदलावा लागणारा भाग आहे, हे येथे गृहीत धरले आहे.

बोटीची ओळख पटवण्याचे मुख्य साधन म्हणजे तिच्या लाकडात ठोकलेला क्रमांक. क्रिस-क्राफ्टने प्रत्येक बोटीचे एक कार्ड ठेवले होते. बोटीत कोणते इंजिन बसवले आणि ती प्रथम कोठे रवाना झाली, हे त्यावरून कळते. ही दप्तरे व्हर्जिनियातील न्यूपोर्ट न्यूज येथील मरिनर्स म्युझियममध्ये आहेत. इतर छोट्या कारखान्यांची कागदपत्रे इतकी सलग नाहीत.

रचना : या बोटींची बांधणी कोकणातल्या गलबताहून वेगळी आहे. गलबताच्या फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकून भरतात. येथे बाजूच्या दोन फळ्या जेथे मिळतात तेथे आतून एक लांब पट्टी असते आणि दोन्ही फळ्या तिच्यावर स्क्रूने आवळलेल्या असतात. सांध्यात कापूस ठोकला तर फळ्या पट्टीपासून उचकटतात. होडीच्या कामाची सवय असलेल्या सुतारानेही ही चूक केल्याची उदाहरणे आहेत. तळ दुहेरी असतो : आत तिरप्या बसवलेल्या पातळ फळ्या, त्यावर लेपात भिजवलेले कॅनव्हास, आणि बाहेर लांबीच्या दिशेने जाड फळ्या. लाकूड पाणी पिऊन फुगले की सांधे मिटतात. ट्रेलरवर महिनोन्‌महिने कोरड्यात राहिले की ते पुन्हा उघडतात.

तळाचा वाद : या विषयावरील मतभेद प्रामुख्याने तळाभोवती आहेत. पहिला पक्ष मूळ पद्धतीचा : तेच कॅनव्हास, तसाच लेप, पुन्हा फळ्या. असा तळ कारखान्यात होता तसा होतो आणि पुढे उकलताही येतो. बोट सगळा हंगाम पाण्यात राहणार असेल तर या पक्षाचे म्हणणे रास्त आहे. दुसरा पक्ष आतल्या थराला सागरी प्लायवूड घेतो, लाकूड पातळ इपॉक्सीने (सुकल्यावर कडक होणाऱ्या रेझिनने) मुरवतो आणि बाहेरच्या फळ्या थ्रीएम ५२०० या पॉलियुरेथेन चिकटद्रव्यात बसवतो. हे द्रव्य सुकल्यावरही रबरासारखे लवचीक राहते. त्यामुळे फळी आडव्या दिशेने फुगली-आकसली तरी सांधा सुटत नाही. असा तळ भिजवून फुगवावा लागत नाही. आक्षेप असा की तो पुन्हा उकलणे जवळपास अशक्य असते : फळी निघत नाही, फुटते. तिसरा मार्ग सगळ्या तळावर कडक इपॉक्सी व काचकापड चढवण्याचा. अखंड लाकूड हलायचे थांबत नाही आणि कडक कवच त्याच्याबरोबर हलत नाही, म्हणून भेगा पडतात. आत शिरलेले पाणी बाहेर पडत नाही आणि लाकूड सडते. १९६० व १९७० च्या दशकांत पॉलिएस्टर रेझिनने असे ‘वाचवलेले’ तळ आज सोलताना आतली बरगडी हाताने कुस्करता येते. ट्रेलरवर राहणाऱ्या बोटीसाठी दुसरा मार्गच बहुतेक अनुभवी मंडळी निवडतात आणि ते योग्य दिसते.

तळ कोणत्याही रीतीने केला तरी त्याचा आकार आधी ताडून घ्यावा लागतो. बोट उलटी करण्यापूर्वी नाळेपासून (पुढच्या टोकापासून) पिछाडीपर्यंत दोरी ताणून कणा वाकला आहे का ते पाहतात व आतून आडवे टेके ठोकतात. वेगात बोट ज्यावर धावते तो तळाचा मागचा तिसरा हिस्सा सरळ हवा. तेथे खोलगट बाक आला तर नाळ पाण्यात दबते; फुगवटा राहिला तर बोट डॉल्फिनसारखी उसळत चालते.

स्क्रू व गुल्ल्या : प्रत्येक स्क्रूचे डोके लाकडी गुल्लीखाली झाकलेले असते आणि एका बोटीत अशा गुल्ल्या हजारोंनी असतात. जुनी गुल्ली काढताना तिच्या मधोमध बारीक भोक पाडून त्यात दुसरा स्क्रू फिरवतात. त्याचे टोक खालच्या स्क्रूच्या डोक्यावर टेकले की गुल्ली आपणच वर येते आणि फळीची कड शाबूत राहते. जुने स्क्रू पितळी असतात. पितळातले जस्त निघून गेले की ते गुलाबी, ठिसूळ होतात आणि पेचकसाखाली तुटतात. बदली म्हणून सिलिकॉन ब्राँझचे वापरतात. नवी गुल्ली गोंदाऐवजी व्हार्निशमध्ये बुडवून, तिचे रेषे फळीच्या रेषांशी जुळवून बसवतात. पुढच्या वेळी ती निघावी म्हणून. सुकल्यावर पटाशीने तासताना आधी वरचा पातळ काप काढून रेषांचा उतार कोणीकडे आहे ते बघतात. हे न पाहता एका फटक्यात तासलेली गुल्ली फळीच्या पातळीखाली तुटते.

लाकूड : ‘महॉगनी’ या नावाखाली निदान तीन वेगळी लाकडे येतात. ‘फिलिपाइन महॉगनी’ ही वनस्पतिशास्त्रदृष्ट्या महॉगनी नव्हेच. ती शोरिया प्रजातीतील, म्हणजे आपल्या सालवृक्षाची नातलग आहे. कारखान्यांनी फळ्यांसाठी तीच मुबलक वापरली. खरी होंडुरास महॉगनी (स्विटेनिया मॅक्रोफिला) २००३ पासून साइट्स या, धोक्यातील जीवजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने तिच्या व्यापारावर निर्बंध आहेत. आफ्रिकी महॉगनी (खाया) हा आता नेहमीचा पर्याय आहे. सांगाड्यासाठी ओक लागला तर पांढरा ओक घ्यावा. त्याच्या नलिका आतून बुजलेल्या असतात. तांबड्या ओकच्या तुकड्यातून फुंकर मारली तर ती दुसऱ्या टोकाने बाहेर येते, आणि पाणीही तसेच जाते.

रंग व चकाकी : जुना रंग काढताना शिसे अंगात जाण्याचा धोका असतो. मिथिलीन क्लोराइडयुक्त रंगनाशकांची किरकोळ विक्री अमेरिकेत २०१९ मध्ये बंद झाली. तेव्हापासून गरम हवा व खरवडणी यांवर भर आहे. लाकडाची रंध्रे रंगीत लांबीने (पुटीने) भरून त्यावर स्पार व्हार्निशचे (ऊन-पाण्यात टिकणाऱ्या व्हार्निशचे) दहा-बारा हात देतात. दर हातानंतर पॉलिश पेपर मारावा लागतो.

यंत्र : युद्धोत्तर लहान बोटींत बहुधा सहा सिलिंडरचे, ९५ अश्वशक्तीचे क्रिस-क्राफ्टचे ‘के’ इंजिन आढळते. ते हर्क्युलीस कंपनीच्या इंजिन-ठोकळ्यावर (ब्लॉकवर) बेतलेले होते. त्याची दुरुस्ती जुन्या ट्रकच्या इंजिनाप्रमाणेच होते. फरक वाफांचा : पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने ती बोटीच्या तळाशी साचते. म्हणून कार्बुरेटरवर ज्वालारोधक जाळी असते. मूळच्या रचनेत नसला तरी हवा ओढून बाहेर टाकणारा पंखा आजचे मालक बसवतातच. बोटींच्या प्रदर्शनांतले परीक्षक त्याचे गुण कापत नाहीत.

जलावतरण : पारंपरिक तळाच्या बोटीत आधी काही दिवस ओली गोणपाटे अंथरतात. बोट पाण्यात उतरवल्यावरही पहिली रात्र ती उचलण्याच्या पट्ट्यांतच टांगती ठेवतात आणि आत विजेचा पंप सोडतात. प्रथम पंप जवळपास सतत चालतो. मग तो थांबून थांबून चालू लागतो; दोन वेळांमधले अंतर तासांवर गेले की पट्ट्या सोडतात.